रुमालाखालचे आणे

नाना पेठेतल्या भुसार बाजारात तांदळाचा भाव तोंडाने सांगायची पद्धत नव्हती. भाव बोटांनी सांगायचा, आणि तोही रुमालाखाली. पुण्याच्या माणसाला एरवी तोंड आवरत नाही, रस्ता विचारणाऱ्यालासुद्धा तो दोन शब्द सुनावल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. पण तांदळाच्या पोत्यांपुढे उभा राहिला की तोच माणूस मुका व्हायचा. अडत्याचा माणूस उजव्या हातावर रुमाल टाकून उभा राही. एकेक खरेदीदार पुढे येई, रुमालाखाली हात घाली, बोटं दाबी आणि बाजूला होई. सगळ्यांचे भाव त्या माणसाने मनात ठेवायचे आणि शेवटी ज्याचा भाव चढा त्याचं फक्त नाव घ्यायचं. उघड लिलाव करा, असं सरकारने दोनचारदा सांगून पाहिलं होतं. बाजाराने ते अदबीने ऐकून घेतलं आणि रुमाल धुऊन पुन्हा वापरायला काढला.

श्रीनिवासशेठच्या अडतीवर हा रुमाल हिंदुरावांच्या हातावर असे. मधली रेशनिंगची वर्षं सोडली, तर गेली वीस वर्षं त्यांच्याच हातावर. रेशनिंगमध्ये भाव ठरवायला बोटं लागत नव्हती, सगळं मुंबईहून कागदावर ठरून यायचं. तेव्हा हिंदुराव सरकारी गोदामात पोती मोजत बसले होते. दीड वर्षापूर्वी धान्यावरचं नियंत्रण उठलं, तशी श्रीनिवासशेठनी पहिली गोष्ट काय केली, तर माणूस पाठवून हिंदुरावांना बोलावून घेतलं.

खुणा सोप्या होत्या. पंधरा रुपये मण हे सगळ्यांनी धरूनच चालायचं. त्याच्यावर किती, तेवढंच बोलायचं. अंगठ्याकडची तीन बोटं रुपयांची. एक धरलं की सोळा, दोन धरली की सतरा, तिन्ही धरली की अठरा. करंगळीकडची दोन बोटं आण्यांची. करंगळीचं पेर दाबलं की चार आणे, तिच्या शेजारच्या बोटाचं दाबलं की आठ, दोन्ही दाबली की बारा. शाळेचं तोंड न पाहिलेल्यालाही बसल्या बैठकीला यावं इतकं सोपं. पण आठदहा हात एकामागून एक येऊन जाणार, कुणाचा घामट, कुणाचा खरखरीत, कुणी मुद्दाम हलकंच दाबणार, आणि यातलं अक्षर कागदावर उतरवायचं नाही. हिंदुरावांचा हात यात कधी चुकला नव्हता. श्रीनिवासशेठ म्हणायचे, माझ्या तिजोरीला कुलूप नसलं तरी चालेल, हिंदुरावांची बोटं जागेवर हवीत.

या सगळ्यात शेतकऱ्याला काहीच दिसत नसे. तो आपला बाजूला उभा. त्याने रुमालवाल्याच्या शब्दावर जायचं, बस्स. मुळशीच्या डोंगराकडचा गेनबा असाच जायचा. आपल्या वाडीतल्या नऊ घरांचा आंबेमोहर तो एकत्र करी, वाटेवरच्या गिरणीत भात सडून त्याचा तांदूळ करून घेई आणि दोन बैलगाड्यांतून पुण्याला आणी. नऊ घरांचं वर्षभराचं मीठमिरची, कापडचोपड त्या दोन गाड्यांत असे. हिंदुराव मूळचे त्याच बाजूचे, गेनबाच्याच भावकीच्या शेजारचे. त्यामुळे गेनबा पोती उतरवायचा, तंबाखू मळायचा आणि सौदा संपेपर्यंत बैलांशी बोलत बसायचा.

त्याच भरवशावर गेल्या वैशाखात गेनबाने सोयरीकही जुळवून दिली होती. हिंदुरावांची श्यामला, एकुलती एक. आणि पुण्याजवळच्या मांजरी गावच्या सोनबाचा थोरला मुलगा. सोनबा गेनबाचा साडू. बारा एकर ऊस, विहिरीवर इंजिन, माणसं साधी. गेनबा मध्ये पडला म्हणूनच सोनबाने शहरातली मुलगी पत्करली. लग्न माघात धरलं होतं.

दिवाळी झाली, नवा तांदूळ यायला लागला आणि एक दिवस हिंदुरावांना रुमालाखाली काहीच कळेना. म्हणजे, रुपये कळले. शनिवार पेठेतले किराणा दुकानदार श्रीधरपंत यांनी एक बोट धरलं, सोळा. पुढे आणे दाबले की नाही, ते मात्र समजलं नाही.

"पुन्हा?" हिंदुराव हळूच म्हणाले.

"का हो? बोटं तीच आहेत," श्रीधरपंत म्हणाले. "कालच नखं काढली, तेवढाच काय तो फरक."

लोक हसले. हिंदुरावही हसले. पंतांनी पुन्हा दाबलं. हिंदुरावांना पुन्हा काही कळलं नाही, पण तिसऱ्यांदा विचारायची सोय नव्हती. त्यांनी अंदाजाने नाव घेतलं आणि त्या दिवशी अंदाज खरा ठरला.

घरी मथुराबाईंनी दुसरंच पाहिलं. बंबातलं कढत पाणी काढताना नवऱ्याच्या करंगळीला बोराएवढा फोड आला होता आणि नवरा त्याच हाताने शांतपणे विस्तवात लाकूड सारत होता. त्यांनी हात ओढून घेतला, बाही वर केली. कोपराच्या खाली रुपयापेक्षा मोठा फिकट चट्टा होता.

"हे कधीपासून?"

"असेल चारसहा महिने. गजकर्ण असेल."

मथुराबाईंनी चट्ट्यावर चिमटा काढला. हिंदुराव त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. नाना पेठेतला डॉक्टर नको, एवढंच त्या म्हणाल्या. तिथे सगळे ओळखतात.

म्हणून हिंदुराव शनिवार पेठेत शरच्चंद्र डॉक्टरांकडे गेले. दुपारच्या वेळी, दवाखाना रिकामा असताना. डॉक्टर वयस्कर होते आणि त्यांना गोड बोलायची सवय नव्हती.

"डोळे मिटा," ते म्हणाले. "टाचणी टोचतो. टोचलं की सांगा."

हिंदुरावांनी डोळे मिटले. बाहेर रस्त्यावरून टांगा गेला. कुणीतरी पोरावर खेकसलं.

"टोचा ना, डॉक्टर."

"चारदा टोचली. उघडा डोळे." डॉक्टरांनी टाचणी स्पिरिटच्या बाटलीत टाकली. "महारोग आहे. तुम्ही मनात ओळखलं होतंत, नाहीतर नाना पेठेतून इथवर आला नसतात."

हिंदुराव खुर्चीतच बसून होते. उठायला हवं हे त्यांना समजत होतं.

"आता नव्या गोळ्या निघाल्यात," डॉक्टर म्हणाले. "नेमाने घेतल्यात तर रोग बरा होतो. शिवल्याने उठसूट कुणाला होतही नाही. घरच्यांना एकदा आणा, तपासून घेऊ. मात्र या दोन बोटांचं जे गेलं ते गेलं. ते परत येणार नाही."

"गोळ्या कुठे मिळतात?"

"गावाबाहेरच्या दवाखान्यात. दर आठवड्याला जायचं, रांगेत उभं राहायचं, घेऊन यायचं."

"रांगेत लोक बघतात."

"बघतात," डॉक्टर म्हणाले. "त्यावर अजून गोळी निघालेली नाही."

हिंदुराव त्या दवाखान्यात गेले नाहीत. मथुराबाईंनीच जाऊ दिलं नाही. "माघातलं लग्न होऊन जाऊ दे," त्या म्हणाल्या. "पोर एकदा मांजरीला गेली की मी स्वतः येते तुमच्याबरोबर रांगेत. तोवर कुणाला कळता कामा नये. तिलासुद्धा नाही." बाई शहाणी होती, आणि हे तिने शहाणपणानेच सांगितलं, हेच वाईट होतं. बापाला महारोग आहे असं नुसतं कुणी म्हटलं असतं तरी मांजरीची माणसं नारळ परत करून गेली असती, आणि मग त्या पोरीच्या दारात जन्मात कुणी आलं नसतं. डॉक्टर काय म्हणतात ते विचारायला कोण बसलं होतं?

काम सोडावं, तर तेही जमेना. भर हंगामात हिंदुरावांनी रुमाल खाली ठेवला म्हणजे बाजार विचारणार, का? बाजाराला एकदा प्रश्न पडला की उत्तर मिळेपर्यंत त्याला अन्न गोड लागत नाही. शिवाय तांदळाचा धंदा. ज्या हाताने वानगी घ्यायची, नाकाशी न्यायची, दाणा दाताखाली धरायचा, तो हात तसला निघाला तर श्रीनिवासशेठच्या अडतीवरचं पोतं कुणी फुकट उचललं नसतं. गेनबाचाही आंबेमोहर पुण्यात कुणी शिजवला नसता. हिंदुरावांना हे सगळं रोज दिसत होतं. तांदूळ हातात घेताना त्यांना चोरी केल्यासारखं वाटे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, असं काही होत नाही. तरी ते वानगी आता डाव्या हाताने घेऊ लागले.

सौद्याचं त्यांनी असं जमवलं: रुपये समजत होतेच. अंगठ्याकडची तीन बोटं अजून जिवंत होती. आण्यांसाठी ते दुसरीकडे बघायला लागले. खरेदीदाराच्या मनगटावरची शीर, गळ्याची घाटी, पापणी. पण ही वर्षानुवर्षं मुरलेली माणसं. मेलेल्या बापाची बातमी ऐकतानाही ज्यांचा चेहरा हलला नसता, ते चार आण्यांसाठी काय हलणार? मग हिंदुरावांनी अंदाज सुरू केला. कालचा भाव काय होता, गिऱ्हाइकी कशी आहे, कोण चिकट आहे, कोणाच्या घरी कार्य आहे. आयुष्य बाजारात गेलेल्या माणसाचा अंदाज. तो बरेचदा बरोबर यायचा.

एकच माणूस असा होता की ज्याचे आणे स्पष्ट दिसायचे. रास्ता पेठेतला खानावळवाला बजरंगअप्पा. हिंदुराव पुण्यात नवे आले तेव्हापासूनचा तालमीतला जोडीदार. त्याला हलकं काही करताच येत नसे. करंगळी दाबायची तर याचं कोपर आत यायचं, शेजारचं बोट दाबायचं तर बाहेर जायचं, आणि बारा आणे म्हटले की खांदासुद्धा वर. रुमालाखालची गुपितं त्याच्या दंडावर उघडी पडायची. बाजारात त्यावरून त्याची चेष्टा व्हायची. आता त्याच दंडाचा हिंदुरावांना आधार झाला. दोनतीन जणांचे रुपये सारखे आले आणि आण्यांचं काही कळेना, की हिंदुराव बजरंगअप्पाचं नाव घेत. निदान त्याने काय दाबलं ते खात्रीने माहीत असे. आपण काय करतोय हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. रोज रात्री एक दिवस सरला म्हणून ते देवापुढे हात जोडायचे आणि माघाला किती दिवस उरले ते बोटांवर मोजायचे.

मार्गशीर्षात गेनबा आला. दोन गाड्या, बैलांच्या शिंगांना अजून दिवाळीचा रंग. आंबेमोहर त्या वर्षी असा उतरला होता की पोत्याची शिवण उसवताच अडतीवर वास दरवळला. सहा जण पुढे आले. दोघांनी सोळा धरले, ते गळाले. चौघांनी सतरा. त्यात बजरंगअप्पा, त्याचं कोपर आत आलं, म्हणजे सतरा रुपये चार आणे. त्यात श्रीधरपंतही होते. पंतांनी दोन बोटं धरली आणि पुढे काही केलं की काय, देव जाणे. ते छताच्या कौलांकडे बघत होते. हिंदुरावांनी त्यांच्या मनगटाकडे पाहिलं, मग तोंडाकडे. वरचे आणे देणारा हा माणूस नव्हे, असा त्यांनी मनाशी निवाडा केला. त्यांनी बजरंगअप्पाचं नाव घेतलं.

गेनबाने बैलांपाशी बसल्या बसल्या मान डोलावली. चिठ्ठी घेतली, कनवटीला लावली.

संध्याकाळी तो वाडीसाठी गूळ आणि चहापत्ती घ्यायला शनिवार पेठेत श्रीधरपंतांच्याच दुकानात गेला, दरवर्षी जायचा तसा. पंतांनी सहज विचारलं, काय लागला भाव? गेनबाने चिठ्ठी दाखवली. पंतांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. मग त्यांनी गुळाची ढेप बाजूला ठेवली आणि म्हणाले, "गेनबा, मी सतरा बारा दाबले होते. दोन्ही पेरं. चांगली कचकचून."

दुसऱ्या दिवशी दुपारी श्रीनिवासशेठच्या पेढीवर सगळे जमले. शेठ गादीवर, श्रीधरपंत खुर्चीत, बजरंगअप्पा दाराशी. त्याला कशाला बोलावलंय हेच कळलेलं नव्हतं. गेनबा पोत्यांच्या थप्पीपाशी उकिडवा बसला होता. हिंदुराव थप्पीला हात टेकून उभे होते. त्यांनी सगळ्यांचे चेहरे पाहिले.

"मी कुणाला चोर म्हणायला आलेलो नाही," श्रीधरपंत म्हणाले. "पण मी चौकशी केली. महिन्याभरात तीन सौदे असे झाले. चढा भाव दुसऱ्याचा, माल बजरंगअप्पांकडे. आंधळ्यालाही दिसेल असं आहे हे."

"मला काय माहीत?" बजरंगअप्पा म्हणाला. "माझं नाव घेतलं, मी माल उचलला."

श्रीनिवासशेठनी हिंदुरावांकडे पाहिलं. त्या नजरेत अजून राग नव्हता. वीस वर्षांच्या माणसाकडे बघावं तसंच ते बघत होते. "हिंदुराव, काय झालं? सांगा. चुकला असेल हात."

"माझंही तेच म्हणणं आहे," पंत म्हणाले. "वय होतं, हात चुकतो. त्यात लाज कसली? आणा तो रुमाल. मी दाबतो, शेठ दाबतील. पाच वेळा. पाचातले तीन जरी ओळखलेत तरी मी शनिवार पेठेपर्यंत कान धरून चालत जाईन, आणि हा विषय पुन्हा काढणार नाही."

पंतांनी हे सरळ मनाने म्हटलं. आयुष्यात माणसाने टोमण्याशिवाय एक वाक्य बोलावं आणि त्याच वाक्याने दुसऱ्याचा गळा आवळला जावा, असं ते झालं. श्रीनिवासशेठ उठले, खुंटीवरचा रुमाल काढला आणि हिंदुरावांपुढे धरला.

हिंदुराव त्या रुमालाकडे बघत राहिले. घेतला, तर पहिल्या दोन दाबांत सगळं उघडं पडणार होतं. हात सुन्न आहे म्हटल्यावर पेठेतल्या शेंबड्या पोरालाही पुढचं सांगावं लागलं नसतं. बाही वर करा, असं कुणीतरी म्हणणारच. मग श्यामला. मग शेठची अडत, गेनबाची नऊ घरं. आणि नाही घेतला, तर एकच अर्थ निघत होता. हिंदुरावांनी ते दोन्ही अर्थ मनात शेजारीशेजारी ठेवून पाहिले. लबाड माणसाच्या पोरीला पुण्यात स्थळांचा तोटा नव्हता. बाप चार पैसे खातो म्हणून कुणाचं लग्न मोडल्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं. उलट बाप कमावता आहे म्हणून लोक जरा जास्तच वाकतात. दुसऱ्या अर्थाला कुठेच वाट नव्हती. वीस वर्षांची अब्रू तेवढी जाणार होती. जाऊ दे, असं त्यांनी ठरवलं.

"रुमाल नको," ते म्हणाले. "हात चुकला नाही. मी मुद्दाम केलं."

शेठच्या हातातला रुमाल खाली आला.

"मुद्दाम?" शेठ म्हणाले. "कशासाठी?"

"पैशासाठी. पोरीचं लग्न आहे."

"अहो, मागितले असतेत तर मी दिले नसते?" शेठचा आवाज फाटला. मग एकदम थंड होत त्यांनी विचारलं, "कुणी दिले पैसे?"

हे हिंदुरावांनी धरलंच नव्हतं. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस पहिलं खोटं कसंबसं बोलतो, त्याच्या मागून दुसरं लागतं हे त्याच्या ध्यानातच येत नाही. बजरंगने दिले नाहीत म्हणावं, तर पैसे खाल्ल्याचं कोण खरं मानणार? आणि खरं मानलं नाही की पुन्हा तो रुमाल. हिंदुराव गप्प राहिले. गप्प राहणं पुरेसं होतं. सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या.

"हिंदू," बजरंगअप्पा म्हणाला. "ए हिंदू. मी तुला कधी विडी तरी पाजलीय का रे सौद्यापायी? सांग यांना."

हिंदुरावांनी मान वर केली नाही.

"तालमीच्या मातीची शपथ घालतो तुला. एवढंच सांग, मी दिले नाहीत म्हणून. खानावळ बंद पडेल माझी. सांग की!"

एवढा आडदांड माणूस, पण त्याने हात जोडले. हिंदुरावांना वाटलं, आता बोलावं, सगळं बोलून टाकावं. बजरंगअप्पा थोडा वेळ वाट बघत उभा राहिला, मग त्याने टोपी काढून झटकली, पुन्हा घातली आणि निघून गेला. तालमीतला सगळ्यांत जुना सोबती हिंदुरावांनी त्या पेढीवर असा मारला, आणि तोही तोंड न उघडता.

श्रीनिवासशेठनी रुमालाची घडी घातली. गेनबाला सतरा बाराच्या हिशेबाने वरचे पैसे त्यांनी स्वतःच्या पेटीतून काढून दिले. "उद्यापासून येऊ नका," ते हिंदुरावांना म्हणाले. जाताना श्रीधरपंतांनी जोडे घालायला उगीचच वेळ लावला.

हिंदुराव मागच्या बोळाने निघाले. तिथे गेनबाच्या गाड्या सुटलेल्या उभ्या होत्या. मागून हाक आली.

"हिंदुराव, थांबा."

"गेनबा, तुझं नुकसान केलं रे मी," हिंदुराव वळून म्हणाले. "शेठनी दिले ना सगळे?"

"दिलं. त्ये न्हाई इचारत मी." गेनबा चार हातांवर थांबला होता. "करंगळी बगा तुमची."

हिंदुरावांनी पाहिलं. करंगळीतून रक्त येत होतं. मनगटापर्यंत ओघळ आला होता, बाहीची कड भिजली होती. त्यांना याचा पत्ताच नव्हता.

"पोतं शिवायचं दाभण तसंच ऱ्हायलं व्हतं थप्पीत," गेनबा म्हणाला. "तुमी नेमका त्यावर हात टेकला. टोक आत गेलं, रगात गळाय लागलं, आन् तुमी आपलं बोलतच व्हता. समदी तुमच्या तोंडाकडं बगत व्हती. मी हाताकडं बगत व्हतो."

हिंदुराव भिंतीला टेकले.

"माझ्या चुलत्याचं आसंच झालं व्हतं," गेनबा म्हणाला. "चुलीतला निखारा हातानं उचलायचा. मग रानात खोप घालून दिली त्यास्नी. तिथंच गेला."

एवढं वाईट झालं होतं, तरी त्या क्षणी हिंदुरावांना बरंच वाटलं. पेढीवरच्या एका माणसाला तरी खरं माहीत होतं. "म्हंजे मी पैसं खाल्लं न्हाईत, हे तुला ठावं हाय," ते म्हणाले. किती वर्षांनी त्यांच्या तोंडी गावाकडची बोली आली. "मी चोर न्हाई, गेनबा."

"न्हाईच तुमी चोर. देवमानूस हायसा."

हिंदुराव पुढे झाले, त्याच्या खांद्यावर हात ठेवायला. गेनबा मागे सरला. पटकन सरला, आणि सरल्यावर त्याचं त्यालाच ओशाळल्यासारखं झालं. त्याने पागोट्याच्या शेवाची चिंधी फाडली आणि गाडीच्या जुवावर ठेवली. "बांधून घ्या," तो म्हणाला.

"गेनबा, कुनाला बोलू नको."

"न्हाई बोलनार. आईची आन हाय." तो खाली बघत होता. "पर हिंदुराव, माघाचं लगीन व्हनार न्हाई."

"आरं, पोरीला काय न्हाई. ती धडधाकट हाय. डॉक्टर म्हनले, असं लागत न्हाई कुनाला, गोळ्या घेतल्या की..."

"आसंल. डाक्टर शिकल्याला मानूस, त्यो खोटं कशाला बोलंल? पर सोनबा माझा साडू हाय. मी मधी पडलोय. उद्या त्याच्या नातवंडाच्या अंगावर साधा डाग उठला तरी मी कंचं तोंड दावू?" गेनबाचे डोळे भरले होते. "चोराची पोर असती तर मी नेली असती. खरं सांगतो. सोनबाला समजावलं असतं, व्हतं मानसाच्या हातनं म्हनून. मघाशी तुमी कबूल झाला तवा माझ्या मनात त्येच आलं, की पोरीचं काय न्हाई अडायचं. आन् मग मला रगात दिसलं."

हिंदुरावांनी मनगटावरचा ओघळ बाहीला पुसला.

"मग सोनबाला कारन काय सांगनार?"

"त्याची काळजी करू नगा. तुमचा रोग माझ्या तोंडातनं जायचा न्हाई." गेनबा बैलांकडे वळला. "कारन तुमीच दिलंय की मघाशी, समद्यांच्या म्होरं. बाप पैसं खातो म्हनून सोयरीक मोडली, आसं सांगीन."

त्याने बैल जुंपले. जू उचलताना चिंधी खाली पडली. ती हिंदुरावांनी उचलली आणि गाड्या बोळातून बाहेर पडेपर्यंत डाव्या हाताने आणि दातांनी करंगळीला गुंडाळत राहिले. गाठ घट्ट बसली की सैल, ते त्यांना समजेना. घरी श्यामला वाट बघत असेल, आज तिच्यासाठी रव्याचे लाडू वळायचे ठरले होते. तिला काय सांगायचं ते आता ठरलेलंच होतं. बापाने पैसे खाल्ले, एवढंच. हिंदुराव घराच्या रस्त्याला लागले.